सारखे ऐकू येणारे इंग्रजी शब्द: अर्थ वेगळे कसे आणि आले कुठून?

मृण्मयी_म:
शाळेत सारख्या उच्चाराच्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या पाठ करायला लावतात, हा असा लिहायचा, तो तसा लिहायचा, संपलं. मुलं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. माझं ठाम मत आहे की शब्द कुठून आला ते एकदा कळलं ना, की स्पेलिंग वेगळं पाठ करावं लागत नाही, आणि आपल्याला तर यात मोठाच फायदा आहे कारण यातल्या कितीतरी शब्दांचे जुने नातेवाईक आपल्या संस्कृत-मराठीत अजून जिवंत आहेत. म्हणून हा धागा. नुसत्या जोड्या देऊ नका, मूळ माहीत असेल तर तेही लिहा.

सुरुवात मी करते. नेव्हल. शेवटी ए-एल असेल तर नौदलाचं आणि ई-एल असेल तर बेंबी. पहिला लॅटिनच्या नाविस म्हणजे जहाज या शब्दावरून आलाय, तोच आपला नौ, नौका. दुसरा अस्सल जुना इंग्रजी शब्द आहे आणि त्याचा नातेवाईक म्हणजे आपली नाभी. म्हणजे नौ आणि नाभी हे दोन शब्द आपल्याकडे कधीच एकमेकांत मिसळत नाहीत, आणि इंग्रजीत मात्र ते ऐकायला एकसारखे होऊन बसलेत. यात अजून एक मजा आहे. नेव्ह असाही शब्द आहे, चर्चच्या मधल्या लांब भागाला नेव्ह म्हणतात, तो नौकेवाला. आणि चाकाच्या मधल्या तुंब्यालाही नेव्ह म्हणतात, तो नाभीवाला. संस्कृतातही चाकाच्या मध्याला नाभीच म्हणतात की!

दुसरी जोडी एट. आठ या अर्थाचा आणि खाल्लं या अर्थाचा. (अमेरिकन उच्चारात दोन्ही अगदी एक, ब्रिटिश लोक खाण्याचा एट बऱ्याचदा आखूड म्हणतात.) आठवाला म्हणजे सरळसरळ अष्ट. खाण्यातला ईट म्हणजे संस्कृतातला अद् धातू, ज्याच्यापासून अन्न शब्द झाला.

आणि तिसरी नो. के वाला नो म्हणजे ज्ञा, आपलं जाणणं. साधा नो म्हणजे आपला न. के मुका आहे म्हणून मुलं वैतागतात पण तो के एके काळी खरंच उच्चारायचे, क्नो असं काहीतरी, आणि आपल्या ज्ञ मध्ये जसा ज् आणि ञ आहे त्याच जागेवर तिथे के आणि एन बसलेत. सतराव्या शतकात हळूहळू हा के बोलण्यातून गेला, लिहिण्यात राहिला.

दौत_टाक:
फार छान विषय. नाईट पण यातच घ्या. के वाला नाईट म्हणजे सरदार, घोडेस्वार, आणि बिन के वाला म्हणजे रात्र. जुन्या इंग्रजीत हे दोन्ही शब्द लिहिले जायचे तसेच उच्चारायचे, क्निख़्त आणि निख़्त च्या जवळपास, म्हणजे ऐकून कुणाचाही गोंधळ व्हायचा नाही. मग के गेला, तो घशातला जीएच गेला, स्वर बदलला, आणि दोघे सारखे झाले. रात्रवाल्याचा आपल्याकडचा नातेवाईक म्हणजे नक्त, श्रावणात काही लोक नक्त करतात म्हणजे दिवसभर उपास आणि रात्री जेवण, तोच शब्द. सरदारवाल्या नाईटचा मूळ अर्थ मात्र पोरगा, नोकर असा होता, जर्मनमध्ये त्याचा भाऊ क्नेख्त आहे तो अजून नोकर, गडीमाणूस याच अर्थाने राहिलाय, इंग्रजीत मात्र तो चढत चढत सरदार झाला.

आता सन. यू वाला सूर्य, ओ वाला मुलगा. सूर्य आणि सन हे एकाच मुळाचे, आणि मुलगा म्हणजे संस्कृतातला सूनु. मुलगावाला शब्द जुन्या इंग्रजीत यू नेच लिहायचे, तिथे ओ आला तो लेखनिकांमुळे. त्या काळच्या टोकदार अक्षरात यू, एन, एम, व्ही ही सगळी अक्षरं नुसत्या उभ्या दांड्यांची असायची आणि ती शेजारी शेजारी आली की वाचणाऱ्याला दांड्या मोजत बसावं लागायचं, म्हणून अशा ठिकाणी यू च्या जागी ओ लिहायची पद्धत पडली. लव्ह, कम, मंक, वंडर या सगळ्यांत ओ लिहून आपण अ म्हणतो त्याचं कारण हेच. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, कारण मी लहानपणापासून विचारत होतो की लव्ह मध्ये ओ कशाला आणि कोणी सांगत नव्हतं.

अनुजा_पुणे:
स्टेशनरी चं सांगा ना कोणीतरी. वह्या-पेनांचं आणि जागेवर थांबलेलं. माझ्या मुलाच्या पेपरात दरवेळी येतं हे.

दौत_टाक:
@अनुजा_पुणे, हे दोन्ही एकाच घरातले आहेत. लॅटिनमध्ये स्टातिओ म्हणजे उभं राहण्याची, थांबण्याची जागा, आपलं स्टेशनही त्यातलंच. मध्ययुगात बहुतेक विक्रेते फेरीवाले असायचे, गावोगाव हिंडून माल विकायचे. पुस्तकं विकणारे मात्र एका ठिकाणी दुकान मांडून बसायचे म्हणून ते स्टेशनर. लंडनमध्ये यांची संघटना १४०३ साली झाली आणि १५५७ साली तिला राजाज्ञेची सनद मिळाली, स्टेशनर्स कंपनी म्हणून ती आजही आहे. तर स्टेशनर जे विकतो ते स्टेशनरी, स्टेशनर च्या शेवटी ई-आर आहे म्हणून वह्या-पेनांच्या स्टेशनरीत ई. बेकर-बेकरी, ग्रोसर-ग्रोसरी बघा, तसंच. मुलाला एवढं सांगा, पुन्हा चुकणार नाही.

कुळागर:
धागा आवडला पण मृण्मयीताई, एका गोष्टीशी मी सहमत नाही. स्पेलिंग नेहमी खरं मूळ सांगतंच असं नाही, कधीकधी ते साफ खोटं सांगतं. आयल आणि आयलंड बघा. दोन्हीचा अर्थ बेट, दोन्हीत मुका एस, कोणालाही वाटेल की आयल ला लँड जोडून आयलंड झालं. प्रत्यक्षात काही संबंध नाही. आयल हा लॅटिनच्या इन्सुला वरून फ्रेंचमार्गे आलेला. आयलंड हा जुना इंग्रजी शब्द, त्यात एस कधी नव्हताच. पंडित मंडळींनी आयल कडे बघून त्यात एस घुसवला आणि तो कायमचा बसला.

भोक या अर्थाचा होल आणि संपूर्ण या अर्थाचा होल, यातल्या दुसऱ्यात जो पुढे डब्ल्यू लावतात तोही असाच मागाहून चिकटलेला. तो होल खरा तर हेल्थ आणि हील चा सख्खा भाऊ, अर्थ धडधाकट, अखंड. डेट म्हणजे कर्ज, यातला बी सुद्धा फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा नव्हता, लॅटिनमध्ये देबितुम आहे हे दाखवायला विद्वानांनी नंतर घातला. मेल आणि फीमेल घ्या, तेही एकमेकांतून आलेले नाहीत, फीमेल हा लॅटिनच्या फेमिना चा लाडका छोटा रूप फेमेल्ला, त्याचं शेपूट मेल सारखं करून टाकलं लोकांनी.

मृण्मयी_म:
@कुळागर, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. पण मला यात माझ्या म्हणण्याला उलट पुष्टीच दिसते. आयलंड मधला एस मुलांना पाठ करायला लावण्याऐवजी तो कोणी आणि का घुसवला ही गोष्ट सांगितली तर तो एस कायमचा लक्षात राहतो. मूळ सांगायचं म्हणजे घुसवलेलं काय तेही सांगायचंच. घोस्ट मधला एच सुद्धा असाच म्हणे, कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला, आणि त्याच्या छपाईवर फ्लेमिश वळणाचा परिणाम होता, त्या भाषेत जी च्या पुढे एच लिहायची सवय, तो एच इंग्रजी भुताला चिकटून राहिला.

कुळागर:
पटलं. मग आता आमच्या बाजूचे शब्द देतो, म्हणजे इंग्रजीत आपल्याकडून गेलेले आणि तिथे दुसऱ्याच कुठल्यातरी शब्दासारखे दिसणारे.

कोब्रा आणि कोप्रा. दोन्ही पोर्तुगीजांच्या हातून इंग्रजीत गेले. कोब्रा हा पोर्तुगीजच शब्द, अर्थ नुसता साप. आपला नाग बघून त्यांनी त्याला कोब्रा दे कापेलो म्हटलं, म्हणजे टोपीवाला साप, इंग्रजांनी त्यातली टोपी सोडली आणि साप ठेवला. कोप्रा मात्र मल्याळममधला कोप्पर, आपलं सुकं खोबरं.

कॉट. लोखंडी कॉट म्हणतो ती. हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला असं सगळे समजतात पण इंग्रजांनी तो इथूनच नेला होता, खाट वरून. नेला, टी ने संपवला आणि परत दिला. इंग्रजीत आधीपासून दुसरा एक कॉट होता, झोपडी या अर्थाचा, ज्याच्यापासून कॉटेज झालं. त्या कॉट चा खाटेशी काहीही संबंध नाही.

चिट सुद्धा तसंच. चिठ्ठीवरून आलेली चिट आणि कार्ट्याला म्हणतात ती चिट वेगळी, दुसरी मूळची प्राण्याच्या पिल्लासाठी वापरायचे.

आणि सगळ्यात आवडता मुंगूस! इंग्रजी कोशांत माँगूस च्या पुढे मूळ भाषा मराठी असं लिहिलेलं असतं. शेवटचं गूस बघून हंसासारख्या पक्ष्याशी नातं असेल असं इंग्रजी बोलणाऱ्यांना वाटतं, पण नाही, आपल्या गूस ला त्यांनी त्यांच्या ओळखीचं स्पेलिंग दिलं इतकंच. म्हणून तर अनेकवचन माँगीस होत नाही, माँगूसेस होतं. गंमत म्हणजे त्यांचा पक्षी गूस हा संस्कृत हंसाचा नातेवाईक आहे, तो भाग वेगळा.

सायली_डॅलस:
इथे मुलांच्या स्पेलिंग बी स्पर्धांमध्ये स्पर्धक शब्दाची मूळ भाषा विचारू शकतात, आणि तयारी करणारी मुलं ते विचारतातच कारण त्यावरून अर्धं स्पेलिंग ठरतं. ग्रीक असेल तर पीएच, फ्रेंच असेल तर शेवटची मुकी अक्षरं, असं. आपल्या शाळांमध्येही हे शिकवायला हवं, अगदी खरं.

कुळागर यांच्या यादीत मी लॅक घालते. तीन आहेत. लॅक म्हणजे कमतरता, हा युरोपातलाच. लॅक म्हणजे लाख, ज्याने पत्रावर मोहर करायचे आणि ज्यापासून लॅकर झालं. आणि लॅख म्हणजे शंभर हजार. शेवटचे दोन मराठीतसुद्धा एकच, लाख आणि लाख! पण संस्कृतात गेलं की वेगळे होतात, लाक्षा आणि लक्ष. म्हणजे वेगवेगळे शब्द झिजून सारखे होणं हे काही इंग्रजीचंच वैशिष्ट्य नाही, आपल्याकडेही तेच झालंय.

कॅशियर_निवृत्त:
बँकेत आयुष्य गेलं म्हणून चेक बद्दल लिहितो. तपासणे तो चेक, बँकेचा चेक, चौकडीचं कापड तेही चेक, आणि बुद्धिबळातला चेक. भारतात आणि ब्रिटनमध्ये बँकेचा तेवढा क्यू-यू-ई ने लिहितात, अमेरिकेत सगळे एकच. आणि खरोखर सगळे एकच आहेत. मूळ शब्द फारसी शाह, म्हणजे राजा. बुद्धिबळात राजावर हल्ला आला की शाह म्हणायचे, तो शब्द अरबीतून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत गेला आणि चेक झाला. मराठीत आपण त्याच शब्दाला शह म्हणतो! शह, काटशह, शहमात. तेव्हा शह आणि चेक हे भाऊ आहेत. चेस हे नावसुद्धा त्याच शब्दाचं जुनं फ्रेंच अनेकवचन.

आता पुढे कसं गेलं ते बघा. राजाला शह म्हणजे अडवणं, थांबवणं. अडवणं म्हणजे ताबा ठेवणं, पडताळणं, तिथून तपासणीचा चेक. पैशाच्या व्यवहारात खोटेपणा होऊ नये म्हणून पडताळणीला जो कागद असायचा त्यावरून बँकेचा चेक. आणि बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन म्हणून कापडाचे चेक्स. इंग्लंडच्या राजाचा हिशेबही बाराव्या शतकात चौकटीचं कापड घातलेल्या टेबलावर सोंगट्या मांडून करायचे, म्हणून त्यांच्या खजिन्याचं नाव एक्स्चेकर. चेक चं ते क्यू-यू-ई वालं स्पेलिंग या एक्स्चेकर च्याच वळणावर गेलेलं आहे.

अनुजा_पुणे:
बापरे, शह आणि चेक! हे मी आजच घरी सगळ्यांना सांगणार. गोरिला आणि गनिमी काव्याचा गरिला यांचं काय?

राजगड_वारी:
@अनुजा_पुणे, त्या दोघांचा संबंध नाही. युद्धाचा गरिला स्पॅनिश आहे. गेर्रा म्हणजे युद्ध, त्याचं छोटं रूप गेर्रिया, लहान लढाई. १८०८ ते १८१४ या काळात नेपोलियनच्या फौजेविरुद्ध स्पेनमधल्या लोकांनी छोट्या छोट्या टोळ्या करून जी लढाई केली त्या वेळी हा शब्द इंग्रजीत गेला. आणि ते गेर्रा मूळ जर्मन बाजूचं आहे, त्याच मुळातून इंग्रजीत वॉर आला.

आपल्याकडे ही पद्धत त्याच्या दीडशे वर्षं आधी महाराजांनी अंमलात आणून दाखवली होती, तेव्हा तो इंग्रजी शब्दच जन्माला यायचा होता. आपला गनीम अरबीतून फारसीमार्गे आलेला, अर्थ शत्रू, लुटारू. मोगल बखरकार मराठ्यांना गनीम म्हणत, आणि त्याच शब्दावरून गनिमी कावा हे नाव झालं, जे आज आपण अभिमानाने घेतो.

प्राणी गोरिला वेगळा. हानो नावाचा कार्थेजचा दर्यावर्दी आफ्रिकेच्या किनाऱ्याने गेला होता, त्याच्या प्रवासाची ग्रीक हकीगत शिल्लक आहे, त्यात एका बेटावरच्या केसाळ लोकांचं नाव गोरिल्लाय असं आलंय. १८४७ मध्ये थॉमस सॅव्हेज या अमेरिकन मिशनऱ्याने पश्चिम आफ्रिकेतल्या त्या मोठ्या वानराचं वर्णन प्रसिद्ध केलं तेव्हा ते जुनं नाव उचलून दिलं.

सायली_डॅलस:
शरीराच्या शब्दांत मसल. स्नायू हा मसल आणि समुद्रातली शिनाणी तीही मसल, स्पेलिंग वेगळं. दोन्ही लॅटिनच्या मुस्कुलुस चे, अर्थ छोटा उंदीर! दंड वाकवला की कातडीखाली जो गोळा हलतो तो रोमन लोकांना उंदरासारखा दिसला, आणि शिनाणीचा काळा लांबट शिंपलाही तसाच वाटला. आता मराठीत आपण काय म्हणतो? दंडाची बेटकुळी. बेडकुळी म्हणजे बेडकी. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक दिसला.

आणि प्युपिल तर त्याहून सुंदर आहे. विद्यार्थी आणि डोळ्यातली बाहुली. लॅटिनमध्ये पुपिल्ला म्हणजे लहान मुलगी, बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात जवळून बघितलं की आपलं इवलंसं प्रतिबिंब दिसतं म्हणून ते नाव. आपणही डोळ्यातली बाहुलीच म्हणतो, संस्कृतात कनीनिका म्हणजे पुन्हा लहान मुलगी, ग्रीकमध्ये कोरे म्हणजे मुलगी आणि तोच शब्द डोळ्याच्या बाहुलीलाही. विद्यार्थी हा अर्थ पालकाच्या ताब्यातलं पोरकं मूल या लॅटिन अर्थावरून पुढे आला.

हेमंत_टायपतोय:
ऑफिसात रोज लागणाऱ्या जोड्या पण येऊ द्या. कॉम्प्लिमेंट आय वाला म्हणजे कौतुक, ई वाला म्हणजे पूरक. दोन्ही लॅटिनच्या भरणे, पुरे करणे या क्रियापदावरून. ई वाला थेट लॅटिनमधून म्हणून त्यात कम्प्लीट चा ई दिसतो, आय वाला स्पेन-इटलीत फिरून आला, शिष्टाचार पुरा करणे म्हणजे समोरच्याशी चार चांगले शब्द बोलणे. प्रिन्सिपल, मुख्य या अर्थाचा आणि तत्त्व या अर्थाचा, दोन्ही लॅटिनच्या प्रिन्सेप्स म्हणजे पहिला, प्रमुख यावरून. डेझर्ट म्हणजे वाळवंट आणि डिझर्ट म्हणजे जेवणानंतरचं गोड, एक एस आणि दोन एस. वाळवंट म्हणजे सोडून दिलेली जागा. गोड म्हणजे टेबल आवरल्यावर वाढलेलं, फ्रेंचमध्ये देसर्व्हिर म्हणजे ताटं उचलणे.

एक शंका. असंच जर बघत गेलं तर बदनाम मधला बद आणि इंग्रजी बॅड एकच म्हणायचे का? उच्चार पण तोच, अर्थ पण तोच.

दौत_टाक:
@हेमंत_टायपतोय, बरं झालं विचारलंत. नाही, एक नाहीत. फारसी बद आणि इंग्रजी बॅड हे निव्वळ योगायोगाने सारखे झालेत, अभ्यासक हे उदाहरण मुद्दाम देतात. नातं ओळखायचं ते आवाज सारखा आहे म्हणून नाही, तर आवाज ठरावीक रीतीने बदललाय का हे बघून. संस्कृतातला शब्दारंभीचा प इंग्रजीत फ होतो, हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा होतं, पितर-फादर, पद-फुट, पंच-फाइव्ह. याच नियमाने फाउल म्हणजे घाणेरडं हा शब्द संस्कृतातल्या पू म्हणजे सडणे या धातूचा नातेवाईक ठरतो, जखमेतला पू म्हणतो तोच. आणि त्याच उच्चाराचा कोंबडीवाला फाउल पूर्णपणे निराळा, तो मूळचा कुठल्याही पक्ष्याला म्हणायचे. सध्या व्हॉट्सॅपवर प्रत्येक इंग्रजी शब्द संस्कृतातून निघाला असं फिरत असतं त्याने खऱ्या नात्यांवरचाही लोकांचा विश्वास उडतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अष्ट मधून एट निघालेला नाही, दोघांचा पूर्वज एक आहे.

मृण्मयी_म:
@दौत_टाक, हे मी वरच लिहायला हवं असं वाटतंय, धाग्याच्या मजकुरात घालते. मीही अजून एक देते, योक. बैलाच्या मानेवरचं जू आणि अंड्यातला पिवळा बलक. जू वाला योक म्हणजे संस्कृत युग, आणि आपलं जू हे त्याच युग चं झिजलेलं रूप. बलकवाल्यात मुका एल आहे कारण तो यलो मधला एल आहे. शिवणे आणि पेरणे यांचे सो पण बघा, ई-डब्ल्यू वाला सो म्हणजे संस्कृत सिव् आणि आपलं शिवणं, ओ-डब्ल्यू वाला म्हणजे सीड च्या घरातला.

राजगड_वारी:
माझे काका सैन्यात होते, लहानपणापासून एक प्रश्न आहे. कर्नल च्या स्पेलिंगमध्ये आर कुठेच नाही, दोन एल आहेत. मग आर उच्चारतात कसा? आणि बीच्या गराला म्हणतात तोही कर्नल.

दौत_टाक:
@राजगड_वारी, इटालियनमध्ये कोलोन्ना म्हणजे खांब, रांग, सैन्याची तुकडी, आणि तिचा प्रमुख तो कोलोनेल्लो. फ्रेंचांनी शब्द घेतला तेव्हा एकाच शब्दात दोन ल जड वाटले म्हणून पहिल्याचा र केला, कोरोनेल. इंग्रजांनी सोळाव्या शतकात हा र वाला शब्द घेतला. नंतर विद्वानांनी इटालियन मूळ बघून स्पेलिंग ल वालं केलं, पण शिपाई र च म्हणत राहिले. मधली काही वर्षं दोन्ही उच्चार चालायचे, शेवटी स्पेलिंग विद्वानांचं टिकलं आणि उच्चार शिपायांचा. मराठीत आपण उच्चार ऐकून लिहिलं म्हणून आपला कर्नल र वाला. बीचा गर तो जुना इंग्रजी शब्द, कॉर्न म्हणजे दाणा आणि त्याचं छोटं रूप म्हणजे कर्नल, दाण्याच्या आतला दाणा. पाम कर्नल तेल म्हणतात ते यातलंच.